ड्रायरची टक-टक

मंगळवार, ४

ड्रायर गेला! आजच जायचं होतं त्याला!

दुपारची बाईसाहेबांची झोपायची वेळ. बाईसाहेब म्हणजे माझी नात — वय सात महिने, दात दोन, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. नेहमीसारखे ओले कपडे ड्रायरमध्ये टाकले, तिला खांद्यावर घेतलं, शेजारी खुर्ची ओढून बसलो. घर्रर्र, टक-टक, घर्रर्र, टक-टक. डोळे मिटायला लागले, मान पडली — आणि मशीन गप्प. लाल दिवा. म्हणे टाकी भरली. कपड्यांतलं पाणी वरच्या टाकीत साठतं, ती ओढून पाहिली तर थेंबभरसुद्धा पाणी नाही! परत सरकवली. परत लाल. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, मग भोकाड. आई येईपर्यंत थांबली नाही.

या पोरीला आईच्या कुशीत झोप येते, नाहीतर ड्रायरजवळ. तिसरी जागा नाही. आणि सोमवारपासून आई कामावर! सूनबाई बंदरात क्रेन चालवते. इतक्या उंच केबिनमध्ये बसते की मला नुसतं खालून बघून गरगरतं. तिच्या साहेबाने सांगून ठेवलंय, सोमवारी आलीस तर क्रेन तुझी, नाहीतर दुसऱ्याला देतो आणि तुला ऑफिसात बसवतो. सूनबाई आणि ऑफिसात फायली लावणार! काहीतरीच.

संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा, ती तुमच्याजवळ झोपली तर मी जाणार. नाहीतर नाही."

चिरंजीव म्हणाले, नवीन घेऊ. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. मी म्हटलं, मी करतो दुरुस्त. आमची ही हसली. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, शिलाई मशीन बिघडलं की कोण खोलत होतं? पण नाही — हसली!

बुधवार, ५

मेकॅनिकला फोन केला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणे, आणि तोवर कंडेन्सर धुऊन बघा.

कंडेन्सर म्हणजे खालच्या झाकणामागची जाळीची पेटी. तिच्यातच वाफेचं पाणी बनतं. प्लग काढला, दोन खटके फिरवले, पेटी बाहेर ओढली. अरे देवा! जाळीवर राखाडी लव अशी बसलेली की कोटाला अस्तर लावावं. न्हाणीघरात शॉवरखाली धरली. ही दारात उभी राहून सूचना देत होती आणि मी त्या ऐकत नव्हतो, असा आमचा नेहमीचा कार्यक्रम.

पेटी वाळवली, बसवली, मशीन सुरू केलं. चाललं! मी छाती काढून उभा. तेवढ्यात पायाला गार लागलं. खाली पाण्याचं तळं! खटके नीट फिरवले नव्हते. फरशी पुसली. खटके फिरवले. लाल दिवा.

बाईसाहेब दुपारभर टक्क जाग्या. माझे दोन्ही खांदे गेले.

गुरुवार, ६

चिरंजीवांच्या आग्रहाखातर दुकानात गेलो. बाईसाहेबांना घेऊनच, कारण ड्रायर त्यांना पसंत पडायला हवा. विकणारी पोरगी चुणचुणीत होती. एक मशीन लावलं आणि म्हणाली, बघा, आवाजच नाही. मी म्हटलं, आवाज असलेलं दाखवा. तिला वाटलं मला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगायला लागली की हे सगळ्यात शांत आहे. मग दुसरं, ते त्याहून शांत! मी एकेका ड्रायरसमोर पोरीला खांद्यावर घेऊन डोळे मिटून डुलतोय, आणि सगळं दुकान आमच्याकडे बघतंय. बाईसाहेब खुशीत. दोन दात दाखवून सगळ्यांना हसत होत्या. झोपेचं नाव नाही.

घरी येऊन सांगितलं — जुनाच दुरुस्त होणार. चिरंजीवांनी हात जोडले.

शुक्रवार, ७

झालं! झालं! झालं!

कंडेन्सर काढला की मागे अंधाऱ्या कोपऱ्यात एक खळगा दिसतो. सगळं पाणी आधी तिथे जमतं, पंप ते वर टाकीत चढवतो. खळग्यात एक तरंगणारा ठोकळा असतो. पाणी वाढलं की तो वर येतो आणि लाल दिवा लागतो. आमचा ठोकळा वरच अडकला होता! खाली लवीचा नुसता लगदा. मग पाणी असो नसो, दिवा लागणारच. हिची क्रोशाची सुई न विचारता घेतली, जमिनीवर पालथा पडलो आणि लगदा उपसला. वाटीभर निघाला. ठोकळा बोटाने खाली दाबला. सुटला! डुबुक करून खाली!

आता हात लागलाच आहे तर म्हटलं, ती टक-टकही बघावी. पोरीच्या जन्माआधीपासून आहे. ड्रम हाताने फिरवला, एका फेऱ्याला एक टक. काठाला फेल्टची, जाड लोकरी कापडाची पट्टी असते, तिच्यात काहीतरी रुतलं होतं. सुईने उचकटलं.

बटण. पितळी, जाड, चार भोकांचं. सूनबाईच्या कामाच्या कोटाचं.

मीच लावलेलं.

आजवर माझं एकही बटण कुणाचं तुटलेलं नाही! सगळा बाजार हे सांगेल. बटण खिशात टाकलं. कुणालाही बोललो नाही.

मशीन लावलं. किती मऊ फिरतंय! घर्रर्र, आणि बाकी काही नाही. टॉवेल गरमागरम निघाले. ही टॉवेल गालाला लावून बराच वेळ उभी होती. मला कळलं काय ते.

शनिवार, ८

झोपली नाही.

ड्रायर उत्तम चालू. कपडे वाळले, दिवा हिरवा, सगळं जिथल्या तिथे. बाईसाहेब माझ्या खांद्यावर, कान मशीनकडे, कशाची तरी वाट बघतायत. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फसवलं त्यांना. मग भोकाड.

हिने विचारलं, तो टक-टक आवाज कुठे गेला? माझा हात आपसूक खिशाकडे गेला. चाळीस वर्षांचा संसार, हिच्यापासून काय लपणार! म्हणाली, "दाखवा."

दाखवलं. बटण उलटंसुलटं करून पाहिलं तिने. मी तयारच होतो ऐकून घ्यायला. पण ती म्हणाली, "होतं तिथे परत ठेवा."

ठेवलं! पट्टीत कोंबलं, घसरलं. दोनदा कोंबलं, दोनदा घसरलं. ड्रममध्ये सुटं टाकलं तर नुसता खडखडाट. बाईसाहेब खदखदून हसल्या. झोप कुठली!

सूनबाई आली तेव्हा पोर अजून जागी, मी घामाघूम. पोरीला घेऊन आत गेली. नंतर फोनवर साहेबाशी बोलण्याचा आवाज आला, फायली हा शब्द ऐकला. आपल्याच हाताने आपण ती टक-टक उपटून काढली!

रविवार, ९

सकाळी सूनबाईचा कोट खुंटीवरून खाली आलेला. घडी घालून ठेवणार होती, कपाटात. मी म्हटलं, दे इकडे, बटण नाही त्याला. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, आता कशाला."

मी ऐकलं नाही. उद्या ती जाईल किंवा न जाईल, माझं बटण तुटलेला कोट या घरात राहणार नाही. खिशातून पितळी बटण काढलं, जाड दोरा चारपदरी ओवला, बोटात अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची लोखंडी टोपी, चढवलं. घरातल्या बायका मला म्हातारा म्हणतात, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवतो.

ड्रायर चालू होता, लंगोट वाळत होते. खुर्ची तिथेच असते म्हणून तिथेच बसलो, कोट मशीनवर पसरला. बाईसाहेब हिच्या मांडीवर किरकिरत होत्या. कोटाचं कापड जाड. सुई आत रेटायची, वर ओढायची, आणि दर टाक्याला अंगुस्तान पत्र्यावर आपटायचं. टक. टाका. टक. टाका.

किरकिर थांबली.

मी मान वर केली नाही. टक. टाका. टक. ही हळूच म्हणाली, "अहो, थांबू नका."

बटण कधीच पक्कं झालं होतं. तरी टाके घालतच राहिलो. आता ते बटण कोट फाटला तरी निघणार नाही! हिने पोरीला अलगद माझ्या खांद्यावर ठेवलं. डाव्या हाताने तिला धरलं, उजव्याने पत्र्यावर नुसतीच टक-टक. मान पडली. श्वास लांब झाला. मानेपाशी तिची लाळ गळत होती आणि माझे डोळे गळत होते. कसली लाज? हिच्याखेरीज कुणी बघत नव्हतं.

बघत होतं. सूनबाई दारात उभी होती. पाय न वाजवता आत आली, कोट उचलला, अंगात घातला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली. पितळी बटण सगळ्यात शेवटी. मग त्याच्यावर दोन बोटं ठेवून तशीच उभी राहिली.

चिरंजीव म्हणाले, एक टक-टक करणारं यंत्र बनवू या. गप्प बस म्हटलं.

सोमवार, १०

सूनबाई गेली. क्रेनवर!

दुपारी तिचा फोन आला. जेवणाची सुट्टी झाली की सगळ्यात आधी हाच फोन करणार, हे मला माहीत होतं. मी कुजबुजून सांगितलं, झोपलीय. पलीकडे वारा घोंघावत होता. तिने कान देऊन ऐकलं, मग म्हणाली, "बाबा, मशीनचा आवाज येत नाहीये."

मी वळून पाहिलं. पोर खांद्यावर गाढ. बोटात अंगुस्तान, खुर्चीच्या दांड्यावर माझी टक-टक चालू. आणि ड्रायर बंद — बटणच दाबलं नव्हतं मी!

कपडे आत ओलेच पडलेत. पडू देत.