सासऱ्यांचा चमचा

१ जानेवारी
संकल्प: तीन महिन्यांत मोर्स ही तारायंत्राची लिपी शिकणे, परीक्षा देऊन हॅम रेडिओचं लायसन्स काढणे, मग घरबसल्या जगाशी गप्पा. ऑफिसात जाहीर केलं. हेडक्लार्क म्हणाले, आधी टेबलावरचा फोन उचलत जा. दुर्लक्ष केलं.

२ जानेवारी, सकाळी ६
सरावाची टेप आणली. दुकानात एकच होती. पुरे. एक ना धड, भाराभर चिंध्या नकोत.

९ जानेवारी
सासरे आमच्याकडेच असतात. तीस वर्षं जहाजावर तारा पाठवल्या. गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. पाटीवर लिहून बोलतात, बहुतेक माझ्याविरुद्ध. आज माझी टेप ऐकून टेबलावर चमचा वाजवू लागले. टक् म्हणजे ठिपका, खर्र म्हणजे रेघ. मोर्सच! एक अक्षर कळेल तर शपथ. पण उस्तादाने उस्तादाला दाद द्यावी तशी मान डोलावली. माझ्या लग्नानंतर प्रथमच सासरे माझ्याकडे बघून हसले.

२४ जानेवारी
प्रगती थक्क करणारी. आवाज येण्याआधीच अक्षर लिहून मोकळा होतो. टेप मागे, पेन्सिल पुढे. काही लोकांना उपजतच असतं.

४ फेब्रुवारी
चमचा रोज चालू. हल्ली एकच काहीतरी पुन्हा पुन्हा वाजवतात. शाबासकी असावी. मान डोलावली.
बायको सांगत होती, बाबांनी पाटी माळ्यावर टाकायला लावली. पाटीवर शेवटचं लिहिलं, ‘आता जावई आहेत बोलायला.’ फार बरं वाटलं. थोडा घामही आला.

१९ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, बाबा आज एवढं काय सांगत होते? हवापाण्याचं, असं ठोकून दिलं.

२१ फेब्रुवारी
सासऱ्यांचा गाल टम्म. दाढ. बायको म्हणाली, परवापासून तुम्हालाच सांगत होते ना? राहून गेलं म्हणालो. डेंटिस्टकडे मीच नेलं. रिक्षात चमचा नव्हता, हे नशीब. वाईट मात्र वाटलं. खरंच वाटलं.

१० मार्च
परीक्षा. परीक्षकांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांचं निम्मं होण्याआधी मी कागद पुरा करून दिला. त्यांनी तो वरून खाली वाचला.
“अक्षर छान आहे,” म्हणाले, “पण यातलं मी काहीच वाजवलं नाही.”
टेपची पहिली बाजू लिहून आलो होतो. तोंडपाठ. कारणं: खिडकी उघडी होती, खुर्ची डुगडुगत होती, परीक्षकांचा हात जड.

११ मार्च
चौथं कारण सापडलं नाही.

१२ मार्च, सकाळी ७
माळ्यावरून पाटी काढली. लिहिलं: ‘मला आजवर तुमचं एक अक्षरही कळलेलं नाही. हळू वाजवा.’ सासऱ्यांनी दोनदा वाचलं. हसले नाहीत. दाढेच्या बाजूच्या गालावरून हात फिरवला. मग चमचा उचलला.
वही घेऊन बसलो. वीस मिनिटं लागली. नऊ इंग्रजी अक्षरं, नीट जोडून पाहिली.
‘TAPE BADLA.’ टेप बदला.
फेब्रुवारीपासून रोज सकाळी हेच सांगत होते, आणि रोज सकाळी मी मान डोलावत होतो. आताही डोलणारच होती, आवरली.
नवी टेप आणायची आहे. पाटी तूर्त खालीच ठेवली आहे.