गव्हाणीच्या ड्राइव्हचा कपॅसिटर

१ नोव्हेंबर
आजपासून वही. संकल्प: चालढकल बंद. परवा साखर कारखान्याच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडणार. ऊस आत ओढणाऱ्या या गव्हाणीची मोटार चालवणारा जुना ड्राइव्ह माझ्याकडे. वायरमन अंगद हंगामी आहे, यंदा कायम होणार. त्याला शिकवलं: ड्राइव्हमधला थायरिस्टर म्हणजे विजेचा स्विच, एकदा चालू झाला की आपणहून थांबत नाही, कपॅसिटर त्याला बंद पाडतो. यालाच कम्युटेशन म्हणतात. छान समजावतो मी.

२ नोव्हेंबर, दुपार
एक कपॅसिटर फुगलाय. स्टोअरमध्ये निम्म्या क्षमतेचाच मिळाला. अंगद म्हणाला, साहेब, ह्यो बारका हाय, न्हाई झेपायचा. मी म्हटलं, डिप्लोमा तुझा की माझा? बसव.

३ नोव्हेंबर
नारळ फुटला, मोळी पडली, फोटोसाठी सगळे वाकले. गव्हाण चार फूट सरकली आणि फाट्! कपॅसिटर कमी पडला, एक थायरिस्टर बंद व्हायच्या आत दुसरा चालू. फ्यूज उडाले. चेअरमन हात जोडून तसेच उभे. चीफ इंजिनिअर राधाकृष्ण साहेबांनी विचारलं, कपॅसिटर कुणी बसवला? मी म्हणालो, अंगदने. यात खोटं काय? बसवला त्यानेच.
तरी जेवण गेलं नाही.

५ नोव्हेंबर
अंगदची कायमची ऑर्डर थांबवली. फार वाईट वाटतंय. उद्या साडेदहाला साहेबांना सगळं सांगणार. ठरलं.

६ नोव्हेंबर, ११.१०
साहेब मीटिंगला. पण मी गेलो होतो, हे महत्त्वाचं.

८ नोव्हेंबर
साहेब भेटले. मन घट्ट केलं, तोंड उघडलं आणि नवा ड्राइव्ह घ्यावा असं सुचवलं. साहेब म्हणाले, तुम्हाला कारखान्याची काळजी आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ नोव्हेंबर
कबुलीचा अर्ज लिहिला. अक्षर फारच घाणेरडं आलं. साहेबांना असा कागद देणं बरं नाही. उद्या टाइप करणार.

१४ नोव्हेंबर
प्रिंटरची शाई संपली.

१५ नोव्हेंबर
अंगदला कामावरून कमी केलं. मी गेटपर्यंत गेलो नाही. ड्राइव्हकडे लक्ष ठेवणं गरजेचं होतं.

१७ नोव्हेंबर
अंगद अनुभवाचा दाखला घ्यायला आला. राहात्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम बघतोय म्हणे. दाखल्यात एक रकाना: काम सोडण्याचे कारण. मी पेन धरून बसलो. शेवटी तोच म्हणाला, घरची अडचन लिवा साहेब. दुसरं काय लिवलं तर तुमालाच तरास व्हायचा.
लिहिलं. सही केली. शिक्का नीट उमटला नाही म्हणून परत मारला.