शालिकभाऊंचा कान

३ फेब्रु.
कारखान्याची वेबसाइट सुरू. मजकूर माझा. मालक विजयभाऊंचं एकच सांगणं होतं : स्वस्त म्हणू नका, स्वस्तवाले भंडाऱ्यात कमी नाहीत. हॉटेलवाल्यानं पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, आपल्याकडूनच काहून घ्यावा, तेवढं लिहा. पहिल्याच पानावर टाकलं : ‘आमचा प्रत्येक गंज शालिकराम वाजवून पाहतात. आवाज बसका आला, तर तो कारखान्याबाहेर जात नाही.’ खाली त्यांचा फोटो, हातात लाकडी हातोडी. ओळ खरी आहे, याचं समाधान.

९ फेब्रु.
शालिकभाऊंच्या मुलीनं नाकाडोंगरीत साऱ्या सासरला फोटो दाखवला. ते आज इस्त्रीचा शर्ट घालून भट्टीपाशी. पोरं विचारत होती, लग्न कोणाचं आहे.

१७ फेब्रु.
रायपूरच्या केटरिंगवाल्यांची ऑर्डर, चाळीस गंज. मेलमध्ये तीच ओळ. ‘तुमचे ते गृहस्थ स्वतः वाजवून पाहतील ना?’ हो लिहिलं. लगेच.

२६ फेब्रु.
शालिकभाऊंनी पास केलेला एक गंज सहज वाजवला. बसका. पाणी भरलं तर जोडातून थेंब. मागून दोनदा हाक मारली. वळले नाहीत.

२७ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत समोर बसून, मोठ्यानं विचारलं. दिवाळीपासून डावा कान गेला, उजवाही जाऊन राहिला. सांगितलं काहून नाही?
“सांगणारच होतो मॅडम. तेवढ्यात तुमी फोटो काढला.”
डबा बंद करता करता : “फोटो हटवाल तं पोरीले काय सांगू?”
फोटोच्या दिवशी तासभर त्यांच्याजवळ उभी होते. हातोडी कशी धरायची, ते सांगितलं. ऐकू काय येतं, ते विचारलं नाही.

१ मार्च
विजयभाऊ म्हणतात, सगळे पाणी भरून तपासा, ओळ राहू द्या. माल चांगला गेला म्हणजे झालं. मी म्हटलं, मग ओळ पाण्याची लिहू. तर म्हणाले, “पाणी तं कोणीही भरते, मॅडम.” हेही खरंच.

४ मार्च
चाळीसही गंज अंगणात दिवसभर भरून ठेवले. शालिकभाऊ स्वतः प्रत्येक जोडावरून बोट फिरवत होते. तीन गळके निघाले, बदलले. रायपूरला सगळं कळवलं. फोटो तसाच ठेवला, ओळ तूर्त काढली. पानावर तिथं मोकळी जागा दिसते. विजयभाऊ चिडलेत.

६ मार्च
रायपूरहून उत्तर नाही. पेट्या भरायच्या थांबल्यात.
दुपारी शालिकभाऊ सुकलेले गंज एकेक वाजवत बसले. वाजवायचे आणि माझ्या तोंडाकडे पाहायचे. मी मान हलवली की पुढचा घ्यायचे. चाळीसही केले.
नवी ओळ काय लिहावी?