वेणीच्या पावातलं अंडं

१५ एप्रिल, मंगळवार

आईची कांद्याच्या सालींची पिशवी भरली. शनिवारी त्यांत अंडी उकळायची, लाल होतात. मग ईस्टरचा वेणीचा पाव — तीन पेडांचा, वर घरातल्या प्रत्येकाचं एकेक अंडं खोचलेलं. आईचं, बाबांचं, माझं. धाकटीचं नाही. तिनं चर्चबाहेर लग्न केलं तेव्हापासून नाही.

आज तिचा फोन. "ताई, रविवारी येऊ का?" म्हटलं, ये. मग हळूच — "माझं अंडं असेल?"

"असेल," म्हणून बसले! आता आईला कोण सांगणार?

१६ एप्रिल, बुधवार

आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले. पाणी पिऊन परत आले. पुन्हा गेले. पुन्हा पाणी.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

फुलीचे गोड पाव केले. आई दरवर्षी तेच सांगते, पहिल्यांदाच सांगतेय अशा थाटात — फुली म्हणजे क्रूस, मसाला म्हणजे प्रभूच्या देहाला लावलेली सुगंधी द्रव्यं, अंडं म्हणजे बंद कबर. "वरून दगड. आत काय चाललंय ते कुणाला दिसतं?"

तेवढ्यात सांगून टाकलं. धाकटी येतेय.

आईचे हात थांबले नाहीत. "येऊ दे. घर काय माझ्या एकटीचं आहे?"

"आणि तिचं अंडं?"

"पीठ झाक आधी. सुकतंय."

एवढंच! दिवसभर घरात येरझारा घातल्या. बाबा म्हणाले, "बस गं बाई, मला गरगरायला लागलं."

१९ एप्रिल, शनिवार

वेणी आई एकटीच घालते, दार लोटून. कुणी बडबडलं की पीठ बसतं म्हणे!

पाव फुगायला ठेवून ती आंघोळीला गेली. मी फडकं उचललं, टोकाकडचा पेड सोडवला, लाल अंडं आत सरकवलं, वरून दाबून टाकलं. चाळिशी उलटली तरी चोरी करताना कान न्हाणीघराकडे! उघड वर खोचायची हिंमत नाही झाली. मध्ये ठेवून चालणार नव्हतं — मधला तुकडा आईचा. बाबा त्याला राणीसरकारांचा वाटा म्हणतात. तेवढा अख्खा तुकडा कापून ती आपल्या खोलीत नेऊन खाते, कुणाला घासभरही देत नाही. एरवी ताटातलं काढून देणारी बाई! मला नेहमी नवल वाटतं.

संध्याकाळी ओव्हन उघडून बाबा म्हणाले, "यंदा अंगानं भरलाय!"

आई म्हणाली, "तुमच्यावर गेलाय."

धाकटीला फोन करावासा वाटला. केला नाही. काय सांगू — तुझं अंडं आहे, पण लपवलंय?

२० एप्रिल, ईस्टर

धाकटी आली. एकटीच वर आली, नवरा खाली फाटकाशी थांबला.

आईनं मधला तुकडा काढला. आज खोलीत नेला नाही. सर्वांसमोर हातानं फोडला. आत लाल अंडं!

मी लपवलेलं तर टोकाला होतं.

आईनं ते धाकटीच्या ताटलीत ठेवलं. "खा. इतकी वर्षं मीच खातेय."

मग टोकाकडे सुरी घातली. कट्! अडली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

"बघत काय बसलीस? खाली उभा आहे त्याला वर बोलाव. त्याचंही निघालं."