पाटलीखालची पट्टी

प्रिय अनुष्का,

पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर टाइप करायचं तर माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. अक्षर सांभाळून घे.

काल सुमेधनं तुझ्या हातांचा फोटो दाखवला. लालबुंद हात, वर टरारलेले फोड! शनिवारी तू पहिल्यांदा आमच्याकडे निर्मळला जेवायला आलीस, दुपारभर माझ्याबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडल्यास. मला वाटलं, वाडीतला सुरवंट अंगावर पडला. चुना लाव म्हणावं तिला, असं सांगायलाही लागले. तर माझा नातू म्हणतो, "आजी, सुरवंट नाही गं. ऊन."

ऊन? शनिवारी ऊन होतंच कुठं? आभाळ असं दाटलेलं की मी कुरडयासुद्धा वाळत घातल्या नव्हत्या.

मग त्यानं तू फोनवर सांगितलेलं सगळं सांगितलं. तुझ्या पाठीवर कोडाचे डाग आहेत. त्यासाठी शनिवारी सकाळीच गोळी घेऊन तू दवाखान्यातल्या दिव्यांच्या कपाटात उभी राहिली होतीस. त्या गोळीनं कातडी दिवसभर हळवी होते म्हणे. उन्हातला न दिसणारा किरण ढगातूनही उतरतो, खिडकीच्या काचेतूनही येतो. ना चटका, ना घाम. आणि भाजलेलं उमटतं दोन दिवसांनी! मी आ वासून ऐकत राहिले. सगळा जन्म वाडीत गेला, वाटायचं, ऊन आपल्या ओळखीचं आहे.

आता एकेक आठवतं. जूचंद्रहून स्कूटरवर आलीस ती स्कार्फ, कोट, गॉगल घालून. मी म्हटलं, "घरात कसला गं गॉगल, नटी आलीय का आमच्याकडे?" तू हसून म्हणालीस, "आजी, मला ऊन बाधतं." आणि मी शहाणी काय म्हणाले? "ऊन कुठंय? काढ तो कोट. पाटली घालायची तर मनगट नको दिसायला?" माझ्या सासूबाईंची पाटली चढवताना तू हात जरासा मागे घेतलास. मला वाटलं, लाजली पोर.

खोटं कशाला बोलू? कोड हा शब्द ऐकून माझंही काळीज चरकलं. आमच्या पिढीच्या कानांत तो तसाच घातलाय. पण त्याहून मोठा धक्का वेगळाच बसला. एक वाक्य बोलली असतीस, तर मी तुला ओटीवर बसवून कळ्या निवडायला दिल्या असत्या. तू बोलली नाहीस, भाजून घेतलंस. लग्नाआधी झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुझ्या मावशीनं बजावलं होतं म्हणे. अगं, मुठीत निखारा असला तर मूठ कोण झाकून ठेवतं?

डॉक्टरांना हात दाखवलेस ना? ते सांगतील तेव्हाच पुन्हा दिव्यात उभी राहा, पण उपचार अर्धे टाकू नकोस.

काल सुमेधनं रुमालात बांधून पाटली आणून दिली. "ती म्हणते, लग्न मोडू या. मी नाही म्हणालो," एवढंच बोलला आणि ताटावरून उठला. मी फोटो पुन्हा डोळ्यांशी धरला. सगळा हात भाजलेला, फक्त मनगटावर पाटलीखालची पट्टी होती तश्शी. आमच्या घरानं तुझं एवढंच झाकलं!

म्हणून लिहायला बसले. आज सकाळी भटजींकडे जाऊन साखरपुड्याचा दुपारचा मुहूर्त बदलून दिवेलागणीनंतरचा घेतला. "का हो आजी?" म्हणाले. ओसरीवर चार माणसं बसलेली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या सुनेला ऊन बाधतं."

पाटली माझ्याकडेच आहे. फोड सुकू देत, मग ये. या वेळी हात मागे घेतलास, तर का ते आधी विचारीन.

तुझीच,
प्रमोदिनीआजी