शंभर ओहमचा आवाज

प्रिय इब्तिहाल,

अम्मानला टॅक्सी नेणारा अबू सत्तार उद्या पहाटे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. आधी कामाचं. तुझ्या आईचं बोलायचं यंत्र बिघडलंय. गाठीपायी डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढलं, तेव्हापासून ती ते विजेरीएवढं यंत्र गळ्याला टेकवून बोलते, हे तुला ठाऊक आहे. तो आवाज मात्र तू कधी ऐकला नाहीस. डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा, एकसुरी. पण त्याच आवाजात ती मला रोज झापते, तेव्हा घर घर वाटतं.

मागच्या महिन्यात त्यातला ट्रान्झिस्टर जळला. नाकेबंदीत नवा कुठून येणार? बाब-अल-शर्कीचा अख्खा बाजार पालथा घातला, तेव्हा जुन्या टेपरेकॉर्डरमधला एक मिळाला. मूळचा प्रवाह ऐंशीपट करणारा, हा दोनशे वीसपट. प्रवाह ठरवणाऱ्या बेसच्या पायाला तोच रेझिस्टर ठेवला, तर कलेक्टरच्या पायातून दहाऐवजी सत्तावीस मिलिअँपिअर धावतात. ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी ओढतो, आणखी तापतो. आई दोन वाक्यं बोलते, आवाज घोगरा होतो आणि बंद. बेसचा रेझिस्टर बदलून पाहिला. सकाळी जुळतं, दुपारी बिघडतं. बगदादचा ऑगस्ट आहे, तुला वेगळं काय सांगू.

हसू नकोस, पण शेवटी तू मागे ठेवलेलं, तुझ्या तंत्रसंस्थेतलं पुस्तक उघडलं. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय, पण मी कुणाच्या बापाकडे शिकायला गेलो नाही. तू म्हणायचीस, “बाबा, सिग्नल जरा विसरा, आधी नुसतं डीसीचं, स्थिर प्रवाहाचं गणित मांडा.” मी म्हणायचो, “कागदावरचा रेडिओ वाजत नाही, बाईसाहेब!” आता मीच मांडतो. दोन रेझिस्टरांनी बेसला १.७ व्होल्ट बांधून दिले, त्यातून ट्रान्झिस्टर स्वतः खातो ते ०.७ वजा, एमिटरच्या पायावर उरला एक व्होल्ट. त्याखाली शंभर ओहम, म्हणजे दहा मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टर ऐंशीचा असो की दोनशे वीसचा, फरक पडत नाही. प्रवाह वाढू लागला की एमिटरचा व्होल्ट वर चढतो आणि त्याला मागे ढकलतो. मांडलं तसंच मोजमाप आलं. दिवसभर ना तापणं, ना बंद पडणं.

पण तोच शंभर ओहम आवाजही खातो. समांतर मोठा कपॅसिटर दिला तर तो परत येईल, पण बाजारात मिळतात ते जुन्या संचांतून उपसलेले, आतून वाळून निकामी झालेले. अकरा लावून पाहिले. आईने ते क्षीण गुणगुणणं ऐकलं आणि यंत्र माझ्या मांडीवर टाकलं. मी पुन्हा जुनी जोडणी करून दिली, तर म्हणाली, “हं, आता कसं! शाकिर, मी काय मेलेली आहे कुजबुजायला? थोडं बोलेन, पण पलीकडच्याला ऐकू जाईल असं बोलेन.” पलीकडचं कोण, हे तिने सांगितलं नाही. तू निघालीस त्या सकाळी, जाणारा सुखरूप परतावा म्हणून त्याच्यामागे पाणी ओततात तेही तिने ओतलं नाही, कडी लावून आत बसली. तेव्हापासून तू फोन करतेस तो फक्त माझ्याशी बोलायला. आता ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते, आतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं. शब्द कळत नाहीत, पण सुरुवातीला तुझं नाव असतं. यंत्र थंड व्हायला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, मग पुन्हा.

मला तुझ्याकडून कपॅसिटर नकोत, इब्तिहाल. सीमेवर अडवतील आणि वेळही नाही. गाठ जिभेत उतरलीय. येत्या रविवारी जीभ काढणार. यंत्र नुसता सूर देतं, शब्द जीभच घडवते. त्यानंतर मी बेसचा व्होल्ट कितीही अचूक बांधला तरी तो कुणाच्या कामाचा? हे मी तिला न विचारता लिहितोय. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शेजारच्या उम्म लैथकडे फोन लाव. खुशाली विचारू नकोस, रडू नकोस, तेवढ्यात यंत्र तापेल. आधी तिला बोलू दे. मध्येच आवाज गेला तर फोन ठेवू नकोस. मग तू बोल. तिचे कान शाबूत आहेत.

फोनपाशी बसलेला, तुझाच
बाबा