खोक्यातला डिजिटल मीटर

४ मार्च
निर्णय झाला. स्पोर्ट्स कारचा डिजिटल मीटर विकायचा. गाडीसोबत आलेला नव्हे, बाहेरून खास मागवलेला. वेग, आरपीएम, तेलाचं प्रेशर, सगळं एका पडद्यावर. बरीच वर्षं खोक्यात आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. किकुए म्हणते, पांघरुणं ठेवायला कपाटात जागा नाही. पण बायको म्हणते म्हणून विकत नाहीये. मोह सोडायचाय.

५ मार्च
ऑनलाइन लिलावात टाकला. किंमत मुद्दाम अशी, की कुणी हात लावू नये. विकायला काढला, आणि घरातच राहिला. किकुएने पांघरुणं सोफ्यावर रचली.

८ मार्च, रविवार
डोंगरावर हारुना तळ्याच्या पार्किंगमध्ये नेहमीची गाडीवेडी मंडळी. ओदाजिमाला सांगितलं. कॉलेजपासूनचा दोस्त, गाडीही माझ्याच मॉडेलची. पूर्वी तीनदा हा मीटर मागितला होता त्याने. दिला नाही, माझ्या गाडीला बसवायचा होता ना. (गाडी सध्या विश्रांती घेतेय.) तो म्हणाला, किंमत फार आहे, असले मीटर आता कोण घेतं? खरं बोलणारा माणूस. कितीपर्यंत उतरायची तयारी आहे तेही सांगितलं. फक्त त्यालाच.

१२ मार्च
उएदा शहरातल्या कुणा मोगीचा प्रश्न: पडदा चालतो का? कळवलं, लायक माणसालाच देणार. उत्तर आलं, 'बरं.' सभ्य वाटला.

१५ मार्च
ओदाजिमाचा फोन, किंमत अजून फारच आहे म्हणून. किंमत उतरवली. दबावाखाली नाही. बाजाराचा कल बघून.

१६ मार्च, सकाळ
गेला. मोगीनेच घेतला. नेमका माझ्या मनातल्या शेवटच्या आकड्याला. योगायोग. नाश्ता केला नाही. भूक नव्हती, एवढंच.

१७ मार्च
पार्सल किकुएने बांधलं. गुणगुणत.

२९ मार्च, रविवार
माझा मीटर ओदाजिमाच्या गाडीत. निळा उजेड, सगळे वाकून बघतायत. मोगी म्हणजे त्याचा मेहुणा.
विचारलं, हे काय?
तो म्हणाला, "तोंडावर मागितला असता तर दिला असतास? खोक्यात म्हातारा झाला असता बिचारा."
म्हटलं, "आकडा मी तुला मित्र म्हणून सांगितला होता."
"हो," तो म्हणाला. मान खाली. "ते चुकलंच माझं. पण वहिनींना विचारून केलं."
किकुएला फोन लावला. शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही विचारलं कुठे?"
घरात एक फितूर, बाहेर एक. केसाने गळा कापला. ओदाजिमाशी या जन्मात बोलणार नाही. ठरलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भांडणात परतीची बस चुकली. रविवारी शेवटची तीच. ओदाजिमाने गाडीचं दार उघडलं. बसलो. घाटभर शब्द काढला नाही. मीटरकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या वळणावर अठ्ठावन्नने गेला. तिथे पन्नास पुरे.